लिंगाला बाक येणं आणि ताठरता कमी होणं: या दोन तक्रारींचा एकमेकांशी काय संबंध आहे?

मुंबईच्या लोकलमधून जाताना रुळांलगतच्या भिंतींवर एक जाहिरात हमखास दिसायची. मोठ्या अक्षरात 'गुप्तरोग', त्याखाली 'वाकडेपणा, कमजोरी, हमखास इलाज' आणि एक फोन नंबर. आता भिंत बदलली आहे. तीच जाहिरात रीलमध्ये येते. एखादं तेल, एखादं चूर्ण, 'महिनाभरात फरक' अशी खात्री आणि थेट व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं बटण.

या जाहिरातींमधली एकच गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, तीही योगायोगाने. ती म्हणजे 'वाकडेपणा' आणि 'कमजोरी' हे दोन शब्द त्या एकत्र लिहितात. लिंगाला नव्याने बाक येणं आणि ताठरता कमी होणं या दोन तक्रारी खरोखरच अनेकदा हातात हात घालून येतात. पण त्या का येतात आणि त्यावर काय करायचं, याबद्दल या जाहिराती सांगतात ते सगळं चुकीचं असतं.

या आजाराचं नाव आहे पेरोनी डिसीज. तो जीवघेणा नाही, संसर्गाने पसरत नाही आणि तो कॅन्सरही नाही. तरीही तो माणसाचा आत्मविश्वास, झोप आणि संसार हलवून टाकतो. ताठरतेशी त्याचं नातं नेमकं काय आहे आणि दोन्ही तक्रारी डॉक्टरांना एकाच वेळी सांगणं का गरजेचं आहे, ते समजून घेऊया.

प्रत्येक बाक हा आजार नसतो

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ताठर झालेलं लिंग अगदी सरळ रेषेत असलंच पाहिजे, असं काही नाही. डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली थोडा कल असणं सामान्य आहे. वयात आल्यापासून तो तसाच असेल, दुखत नसेल आणि संबंधात अडचण येत नसेल, तर काळजीचं कारण नाही.

काही जणांमध्ये हा बाक जन्मजात असतो आणि बराच जास्त असतो. त्यात कुठलीही गाठ नसते. वयात येताना तो लक्षात येतो आणि पुढे साधारण तसाच राहतो. संबंधात अडचण येत असेल तर त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. पण हा पेरोनी नव्हे.

पेरोनीची खूण म्हणजे बदल. आधी सरळ असलेल्या लिंगाला काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बाक येऊ लागतो. हाताला आत एखादी गाठ किंवा कडक पट्टा जाणवतो. ताठरता आल्यावर दुखतं. काहींना लिंगाची लांबी कमी झाल्यासारखी वाटते, तर काहींमध्ये मधेच कंबर आवळल्यासारखा खळगा पडतो. हा आजार बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीनंतर दिसतो, पण तरुणांना होतच नाही असं नाही.

आणखी एक प्रसंग वेगळा ओळखायला हवा. संबंधादरम्यान 'कट्' असा आवाज आला, तीव्र कळ आली, ताठरता लगेच गेली आणि सूज येऊन लिंग काळंनिळं पडलं, तर ती तातडीची दुखापत असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायला हवं.

पेरोनी म्हणजे नेमकं काय होतं?

लिंगाच्या आत स्पंजसारख्या ऊतींच्या दोन लांब नळ्या असतात. ताठरता येते तेव्हा या स्पंजमध्ये रक्त भरतं. या नळ्यांभोवती एक मजबूत, पण ताणली जाणारी पिशवी असते. तिला वैद्यकीय भाषेत 'ट्युनिका अल्ब्युजिनिया' म्हणतात.

पेरोनीमध्ये या पिशवीच्या एखाद्या भागात जखम भरताना तयार होतो तसा कडक व्रण तयार होतो. सायकलची ट्यूब आठवून बघा. ट्यूबला एका बाजूला जाड ठिगळ लावलं आणि मग हवा भरली, तर बाकीचं रबर फुगतं, पण ठिगळाची बाजू ताणली जात नाही. ट्यूब ठिगळाच्या बाजूला वळते. लिंगाचंही तसंच होतं. म्हणूनच एरवी बाक फारसा दिसत नाही, तो दिसतो ताठरता आल्यावर. व्रण बहुतेकांमध्ये लिंगाच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे बाकही बहुधा वरच्या दिशेने असतो.

हा व्रण का तयार होतो? सर्वात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की संबंधादरम्यान लिंग दुमडून या पिशवीला बारीक इजा होतात. बहुतेकांमध्ये त्या आपोआप भरून येतात. काहींमध्ये मात्र ही भरून येण्याची प्रक्रिया थांबत नाही आणि गरजेपेक्षा जास्त कडक ऊती साठत जातात. अनेकांना अशी इजा झाल्याचं आठवतही नाही. शरीराची प्रवृत्तीही यात महत्त्वाची असते. हाताच्या तळव्यात गाठी येऊन बोटं आत वळण्याचा 'ड्युपिट्रन' नावाचा आजार असलेल्यांमध्ये पेरोनी जास्त आढळतो. मधुमेह आणि धूम्रपान यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे.

हस्तमैथुनामुळे लिंग वाकडं होतं, हा समज मात्र पक्का रुजलेला आहे. लहानपणीच्या 'सवयी'ची ही शिक्षा आहे, अशी भीती घालूनच बरीचशी तेलं विकली जातात. नेहमीच्या हस्तमैथुनामुळे हा आजार होतो, याला वैद्यकीय आधार नाही.

आजाराचं नाव फ्रान्सवा जिगो द ला पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकावरून पडलं. ते फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक होते आणि १७४३ मध्ये त्यांनी या आजाराचं वर्णन केलं. म्हणजे ही तक्रार मोबाईल, पॉर्न किंवा 'आजकालच्या राहणीमाना'मुळे नव्याने आलेली नाही.

किती जणांना होतो?

नेमका आकडा सांगणं कठीण आहे, कारण अनेक जण डॉक्टरांपर्यंत जातच नाहीत. जर्मनीतल्या कोलोन शहरात हजारो पुरुषांना प्रश्नावली पाठवून केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ३.२ टक्के आढळलं. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांची डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणी केली, तेव्हा ते ८.९ टक्के निघालं. तो अभ्यास २००४ मधला आहे.

दोन्ही पाहण्यांमधल्या पुरुषांचं वय आणि पद्धत वेगळी होती, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पण स्वतःहून सांगणाऱ्यांपेक्षा तपासल्यावर सापडणारे जास्त असू शकतात, हे यातून लक्षात येतं.

ताठरतेशी संबंध कसा येतो?

पेरोनी असलेल्या प्रत्येकाची ताठरता जाते, असं नाही. कित्येकांची ताठरता शेवटपर्यंत उत्तम राहते. पण वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये पेरोनीच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त जणांमध्ये ताठरतेची तक्रारही आढळली आहे. दोन्हींना जोडणारे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत.

पहिला रस्ता म्हणजे रक्त धरून ठेवण्यातला बिघाड. ताठरता टिकण्यासाठी रक्त नुसतं आत येऊन चालत नाही, ते आत अडकायला लागतं. स्पंज फुगला की तो बाहेरच्या पिशवीवर दाबला जातो आणि रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा मध्ये चिमटल्या जातात. व्रणामुळे पिशवी कडक झाली की हा चिमटा नीट बसत नाही. रक्त येतं आणि निघून जातं. ताठरता येते, पण टिकत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे रक्तवाहिन्या. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांमुळे लिंगाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या खराब होतात. इथे पेरोनीने ताठरता घालवलेली नसते. दोन्ही तक्रारी एकाच मुळातून वर आलेल्या असतात.

तिसरा रस्ता म्हणजे लिंगाचा आकार. व्रणाच्या जागी लिंग बिजागरीसारखं मुडपत असेल, तर ताठरता पुरेशी असूनही संबंध जमत नाहीत. काहींमध्ये व्रणाच्या पुढचा भाग मऊच राहतो.

चौथा रस्ता मनातून जातो. दुखेल का, पुन्हा जमलं नाही तर, जोडीदाराला काय वाटेल, या विचारांनीच ताठरता निघून जाते. एकदा असं झालं की पुढच्या वेळी भीती आधीच येऊन बसलेली असते.

पाचवा रस्ता उलट्या दिशेने येतो, असं काही तज्ज्ञ मानतात. ताठरता आधीच कमी झालेली असेल तर संबंधादरम्यान लिंग दुमडण्याची शक्यता वाढते. त्यातून बारीक इजा होतात आणि व्रणाला सुरुवात होऊ शकते. म्हणजे काहींच्या बाबतीत ताठरतेची तक्रार हा परिणाम नसून सुरुवात असू शकते.

मधुमेहाच्या देशात हे जास्त महत्त्वाचं का?

समजा, पुण्यात राहणारा ५२ वर्षांचा एक माणूस आहे. सात-आठ वर्षांपासून मधुमेह, अधूनमधून सिगारेट. दोन वर्षांपासून ताठरता कमी झाली होती. ती त्याने वयावर ढकलली. आता सहा महिन्यांपासून बाक दिसतोय आणि दुखतंय. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे तो दर तीन महिन्यांनी जातो. साखरेचा रिपोर्ट दाखवतो, पायाची आग सांगतो, चष्म्याचा नंबर सांगतो. ही गोष्ट मात्र सांगत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत.

हा माणूस काल्पनिक असला तरी ही परिस्थिती ओळखीची आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २००७ मधल्या एका अभ्यासात मधुमेह आणि ताठरतेची तक्रार अशा दोन्ही गोष्टी असलेल्या पुरुषांपैकी साधारण २० टक्क्यांमध्ये पेरोनी आढळला होता. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी ही तक्रार 'वय झालं' म्हणून सोडून देणं योग्य नाही.

यात हृदयाचाही प्रश्न आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात. चरबी साठण्याची प्रक्रिया सगळ्या शरीरात सुरू असली, तरी अरुंद वाहिनीत तिचा परिणाम आधी जाणवतो. म्हणूनच नव्याने सुरू झालेली ताठरतेची तक्रार ही काही वेळा हृदयविकाराची काही वर्षं आधी मिळालेली सूचना असू शकते. अशा रुग्णाचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणं हा उपचाराचाच भाग आहे.

आपोआप बरं होतं का?

पेरोनीचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दुखणं असतं आणि बाक बदलत असतो. हा टप्पा साधारण सहा ते अठरा महिने चालू शकतो. दुसऱ्या टप्प्यात दुखणं थांबतं आणि बाक आहे तिथे स्थिरावतो.

अमेरिकेत २४६ रुग्णांना उपचार न देता किमान वर्षभर निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२ टक्के जणांचा बाक कमी झाला, ४० टक्क्यांचा तसाच राहिला आणि ४८ टक्क्यांचा वाढला. पण ज्यांना सुरुवातीला दुखत होतं, त्यांच्यापैकी ८९ टक्के जणांचं दुखणं कमी होऊन थांबलं.

या आकड्यांमध्ये तेलाच्या धंद्याचं गुपित आहे. दुखणं बहुतेकांचं आपोआप थांबणार असतं. त्या काळात कुणी तेल लावत असेल, तर श्रेय तेलाला जातं. 'मला फरक पडला' असं सांगणारा खोटं बोलत नसतो, फक्त कारण चुकीचं लावत असतो. दरम्यान निम्म्या लोकांचा बाक वाढत असतो आणि डॉक्टरकडे जाण्याचे महिने निघून जात असतात.

डॉक्टर काय तपासतात?

या आजारासाठी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं असतं. पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावर खास काम करणारे अँड्रॉलॉजिस्टही असतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या मोठ्या रुग्णालयांमध्ये युरोलॉजीची ओपीडी असते.

बहुतेक वेळा निदान बोलण्यातून आणि हाताने तपासण्यातूनच होतं. कधी सुरू झालं, दुखतं का, बाक वाढतोय का आणि ताठरता कशी आहे, हे चार प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. बाक ताठरतेतच दिसत असल्यामुळे डॉक्टर घरी काढलेला फोटो दाखवायला सांगू शकतात. असा फोटो स्वतःच्या फोनवर, समोरासमोर दाखवावा. चेहरा किंवा घरातली ओळखीची वस्तू त्यात येऊ देऊ नये. जाहिरातीतल्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर असा फोटो पाठवणं म्हणजे ब्लॅकमेलला आमंत्रण देणं आहे.

शस्त्रक्रियेसारखा मोठा निर्णय घ्यायचा असेल, तर दवाखान्यात इंजेक्शन देऊन ताठरता आणली जाते आणि बाक अंशांमध्ये मोजला जातो. सोबत डॉप्लर सोनोग्राफी केली तर रक्त किती येतं आणि किती टिकतं, हेही कळतं.

उपचाराची वाट ताठरतेवरून ठरते

ताठरता चांगली आहे की नाही, या एका प्रश्नावर पेरोनीच्या उपचारांचा बराचसा निर्णय अवलंबून असतो. त्यामुळेच दोन्ही तक्रारी एकत्र सांगणं गरजेचं आहे.

बाक थोडा असेल, संबंध जमत असतील आणि दुखत नसेल, तर काहीच न करणं हाही योग्य उपचार असू शकतो. दुखत असेल तर सुरुवातीच्या टप्प्यात वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. लिंग हलकं ताणून ठेवणारी ट्रॅक्शनची उपकरणंही काही रुग्णांमध्ये वापरली जातात. ती मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावीत.

व्रणात इंजेक्शन देण्याचा पर्यायही आहे. 'कोलाजिनेज' हे व्रणातल्या कडक ऊती विरघळवणारं एन्झाइम. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१३ मध्ये पेरोनीसाठी त्याला मान्यता दिली. त्याआधी ८०० हून अधिक पुरुषांवर झालेल्या दोन चाचण्यांमध्ये हे इंजेक्शन घेणाऱ्यांचा बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला. ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं, त्यांचाही १८.२ टक्के कमी झाला.

याचा अर्थ, आजवरच्या सर्वात नीट तपासलेल्या औषधाने बाक साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, पूर्ण जात नाही. शिवाय लिंगाच्या आतल्या पिशवीला इजा होण्याचा गंभीर धोकाही त्यात असतो. युरोपात हे औषध २०२० मध्ये व्यावसायिक कारणांमुळे बाजारातून मागे घेण्यात आलं. व्हेरापामिल आणि इंटरफेरॉन यांचीही इंजेक्शनं काही ठिकाणी दिली जातात. एवढं सगळं असताना एखादं तेल 'शंभर टक्के सरळ' करण्याची हमी देत असेल, तर शंका यायलाच हवी.

शस्त्रक्रियेचा विचार दुखणं थांबल्यावर आणि बाक किमान तीन महिने स्थिर राहिल्यावरच केला जातो. त्यात तीन मुख्य प्रकार आहेत.

ताठरता चांगली आणि बाक मध्यम असेल, तर व्रणाच्या विरुद्ध बाजूला टाके घेऊन लिंग सरळ केलं जातं. शर्टाची लांब बाजू चुणी घालून आखूड करावी, तसा हा प्रकार. यात लांबी थोडी कमी होते.

ताठरता चांगली, पण बाक साधारण ६० अंशांपेक्षा जास्त किंवा आकार विचित्र झालेला असेल, तर व्रणाच्या जागी छेद देऊन तिथे दुसऱ्या ऊतीचा तुकडा शिवला जातो. यात लांबी जास्त टिकते, पण शस्त्रक्रियेनंतर ताठरता कमी होण्याचा धोका आधीच्या प्रकारापेक्षा जास्त असतो. त्यामुळे ज्याची ताठरता आधीच डळमळीत आहे, त्याच्यासाठी हा पर्याय योग्य ठरत नाही.

ताठरता गोळ्यांनीही येत नसेल आणि बाकही असेल, तर लिंगात कृत्रिम रोपण बसवण्याचा पर्याय असतो. त्यात दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवता येतात. अर्थात, तो कायमचा निर्णय आहे, त्यामुळे नीट विचार करून घ्यावा लागतो.

आता कुणी संकोचाने फक्त बाक सांगितला आणि ताठरतेबद्दल गप्प राहिला, तर काय होईल? लिंग सरळ होईल, पण संबंध जमणार नाहीत. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण निराश होऊन परतेल.

मग 'ती' गोळी घेऊन चालेल का?

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या ताठरतेवर काम करतात. पेरोनीसोबत ताठरतेची तक्रार असेल तर डॉक्टर त्या देऊ शकतात. पण त्या व्रण विरघळवत नाहीत आणि बाक सरळ करत नाहीत.

भारतात ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. मेडिकलमधून गुपचूप आणून घेणं धोक्याचं आहे. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्या घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल घेतलं, तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं असलं म्हणून सुरक्षित, असंही नाही. लैंगिक शक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या हर्बल उत्पादनांमध्ये लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल मिसळल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने वारंवार दिले आहेत.

अनेकांना व्हिटॅमिन ई दिलं जातं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पेरोनीसाठी व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन किंवा ओमेगा-३ च्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. शॉकवेव्ह थेरपीची जाहिरातही हल्ली दिसते. या सूचनांनुसार तिचा उपयोग दुखणं कमी करण्यासाठी होऊ शकतो, बाक किंवा गाठ कमी करण्यासाठी नाही.

अशा जाहिराती कायद्यात बसतात का?

भारतात १९५४ पासून औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला त्याने मनाई केली आहे. ज्या आजारांवरच्या उपचारांची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत नपुंसकत्व आणि मधुमेह दोन्ही आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

म्हणजे कायदा सत्तर वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची भाषाही स्पष्ट आहे. तरीही या जाहिराती थांबत नाहीत, कारण त्यांचा ग्राहक तक्रार करत नाही. पैसे गेले, आजार वाढला, तरी 'मी फसलो' असं सांगायचं तर आधी आजार सांगावा लागतो. या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे ग्राहकाची लाज.

घरात काय होतं?

पेरोनीच्या रुग्णांच्या मनःस्थितीचा अमेरिकेत अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४८ टक्के पुरुषांमध्ये लक्ष देण्याइतकं नैराश्य आढळलं. आजार जीवघेणा नसला, तरी त्याचं ओझं किती असतं, हे या आकड्यावरून कळतं.

बरेच पुरुष बायकोला काहीच सांगत नाहीत. ते उशिरा झोपायला येतात, कामाचं कारण सांगतात, दुसऱ्या खोलीत झोपतात. बायकोला कारण माहीत नसल्याने ती आपल्या परीने अर्थ लावते: नवऱ्याचं मन उडालं, बाहेर काही चालू आहे, किंवा आपण आता आवडत नाही. एका व्रणाची तक्रार नात्यातला संशय बनते. काही वेळा तिलाही संबंधादरम्यान दुखत असतं आणि तीही गप्प असते.

त्यामुळे डॉक्टरकडे जोडीदारासोबत जाणं उपयोगाचं ठरतं. गरज असेल तर समुपदेशनही घ्यावं. ते घेतल्याने आजार 'मनाचा' ठरत नाही. व्रण शरीरातच असतो, पण भीती ताठरता घालवू शकते आणि त्या भीतीवरही उपचार होतात.

मराठीत या विषयावर बोलण्याची परंपराच नाही, असं म्हणता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवलं. लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना ते छापील उत्तरं देत. अशा उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटल्यात कर्व्यांना दंड झाला, पण मासिक थांबलं नाही. नाव न सांगता प्रश्न विचारणारे वाचक तेव्हाही होते. आज तेच प्रश्न रात्री फोनवर टाइप होतात आणि उत्तरादाखल बहुतेक वेळा तेलाची जाहिरात समोर येते.

डॉक्टरांना पहिलं वाक्य काय सांगायचं?

अनेक जण दवाखान्यापर्यंत जातात, पण खुर्चीत बसल्यावर 'जरा अशक्तपणा वाटतो' एवढंच बोलून परत येतात. त्यांच्यासाठी तीन वाक्यं पुरेशी आहेत: 'लिंगाला अमुक महिन्यांपासून बाक येतोय. ताठरता आल्यावर दुखतं किंवा दुखत नाही. ताठरता आधीसारखी आहे किंवा नाही.' बोलायला जमत नसेल, तर हीच वाक्यं कागदावर लिहून पुढे सरकवावीत. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाच्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. डॉक्टर नोंदणीकृत आहेत का, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतं.

युरोलॉजिस्टसाठी ही रोजच्या ओपीडीतली तक्रार असते. ऐकून ते दचकत नाहीत आणि हसतही नाहीत. बाक कधी सुरू झाला, एवढंच विचारतात. त्याचं उत्तर 'गेल्या महिन्यात' असेल, तर हातात पर्याय जास्त असतात.